बार्बरा कॅसल : श्वासचाचणीचा कायदा आणणाऱ्या परिवहनमंत्री

ब्रिटनमधील गस्तीवरच्या पोलिसांच्या हाती ९ ऑक्टोबर १९६७ रोजी एक नवे साधन आले. काचेची एक बारीक नळी, तिच्यात पिवळे स्फटिक आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी एवढेच ते साधन होते. चालकाने नळीतून फुंकर मारून पिशवी भरायची. श्वासात मद्यार्क असेल तर पिवळे स्फटिक हिरवे पडत आणि हिरवा रंग नळीवरील खुणेच्या पुढे सरकला की त्या चालकाला पोलीस ठाण्यात नेले जाई. हे साधन रस्त्यावर आणणाऱ्या कायद्याच्या शिल्पकार होत्या तत्कालीन परिवहनमंत्री बार्बरा कॅसल. त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती आणि ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी त्यांना कधी विसरू दिली नाही.

मोटार बाळगणे ही चैन राहिली नव्हती, असा तो काळ होता. १९६०च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधील वाहनांची संख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली होती. १९६६ या एका वर्षात त्या देशातील रस्त्यांवर ७,९८५ माणसे मृत्युमुखी पडली. शांततेच्या काळातील हा तेथील सर्वाधिक आकडा होय. यांपैकी किती अपघातांना मद्य कारणीभूत होते, हे नेमके सांगण्याची सोयच प्रचलित कायद्यात नव्हती. कॅसल यांच्या कामाचे मोल समजून घ्यायचे तर ही उणीव आधी ध्यानात घ्यावी लागते.

बार्बरा ॲन बेट्स यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१० रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात चेस्टरफील्ड येथे झाला. तीन भावंडांत त्या धाकट्या. वडील फ्रँक बेट्स हे प्राप्तिकर खात्यात निरीक्षक होते. सरकारी नोकरीच्या बंधनांमुळे त्यांना उघड राजकारण करता येत नसे, परंतु विचारांनी ते कट्टर समाजवादी होते आणि ब्रॅडफर्ड येथील समाजवादी साप्ताहिकाचे संपादनही त्यांनी केले. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब पाँटिफ्रॅक्टला आणि पुढे ब्रॅडफर्डला गेले. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. घरात ग्रंथ आणि वादविवाद, तर घराबाहेर गिरणी कामगारांची वस्ती, अशा वातावरणात ही मुलगी वाढली. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांचे शिक्षण घेतले, मात्र पदवी तृतीय श्रेणीत मिळाली. अभ्यासापेक्षा मजूर पक्षाच्या विद्यार्थी शाखेतच त्यांचा जीव अधिक रमला होता. मंदीच्या त्या वर्षांत नोकऱ्या दुर्मीळ होत्या. काही काळ त्यांनी मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात साखरेत घोळवलेली फळे विकली.

१९३७ साली त्या लंडनमधील सेंट पँक्रस नगरपरिषदेवर निवडून आल्या. याच परिषदेत व्ही. के. कृष्ण मेनन १९३४पासून सदस्य होते. भारताच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे मेनन आणि नगरराजकारणात नवख्या असलेल्या बार्बरा बेट्स हे अनेक वर्षे एकाच सभागृहात, एकाच पक्षाच्या बाकांवर होते. युद्धकाळात त्यांनी पत्रकारिता केली आणि १९४४मध्ये पत्रकार टेड कॅसल यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी, १९४५च्या निवडणुकीत, लँकेशरमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या शहरातून त्या संसदेवर निवडून आल्या. हा मतदारसंघ त्यांनी सलग ३४ वर्षे राखला.

संसदेत त्यांची पहिली जबाबदारी व्यापारमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या संसदीय साहाय्यकाची होती. हे तेच क्रिप्स, ज्यांचे नाव १९४२च्या शिष्टाईमुळे आणि १९४६च्या कॅबिनेट मिशनमुळे भारतीयांच्या परिचयाचे आहे. वसाहतींच्या प्रश्नांत कॅसल यांनी पुढे सातत्याने लक्ष घातले. केनियातील होला येथील छावणीत १९५९ साली ११ स्थानबद्धांचा मारहाणीत मृत्यू झाला, तेव्हा ते प्रकरण संसदेत लावून धरणाऱ्यांमध्ये त्या आघाडीवर होत्या. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या ब्रिटनमधील चळवळीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. लाल केस, ठेंगणी अंगकाठी आणि धारदार वक्तृत्व ही त्यांची ओळख बनली होती.

१९६४ साली हॅरल्ड विल्सन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि कॅसल यांच्याकडे परदेशी विकास साहाय्याचे नवे खाते सोपविण्यात आले. ब्रिटिश मंत्रिमंडळात स्थान मिळविणाऱ्या त्या इतिहासातील चौथ्या महिला ठरल्या. डिसेंबर १९६५मध्ये विल्सन यांनी त्यांना परिवहन खाते दिले. परिवहन खात्याला तोवर महिला मंत्री कधी लाभली नव्हती आणि या मंत्रिणीकडे तर वाहन चालविण्याचा परवानाही नव्हता. वृत्तपत्रांना एवढे पुरेसे होते.

मद्यपान करून वाहन चालविणे हा ब्रिटनमध्ये जुनाच गुन्हा होता. घोडागाडीच्या काळात, १८७२च्या कायद्यात तो आला आणि १९२५मध्ये यांत्रिक वाहनांनाही लागू झाला. परंतु गुन्हा सिद्ध कसा करायचा, हा प्रश्न कायम होता. चालकाचा वाहनावर ताबा राहिला नव्हता किंवा त्याची चालविण्याची क्षमता बिघडली होती, हे न्यायालयास पटवून द्यावे लागे. त्यासाठी पोलीस ठाण्यात डॉक्टरांना बोलावले जाई. खडूने आखलेल्या रेषेवरून चालणे, जमिनीवरील नाणी उचलणे, जीभ अडखळेल असे वाक्य म्हणून दाखविणे असे प्रयोग होत. डॉक्टर येईपर्यंत बराच वेळ गेलेला असे. पट्टीचा पिणारा या साऱ्यातून सहज पार पडे, तर एखादा घाबरलेला आणि अपघातात मार लागलेला निर्व्यसनी माणूस रेषेवर अडखळे. खटला ज्यूरीपुढे गेला की ज्यूरीतील बहुतेक सभासद स्वतःच मोटार चालविणारे असत. आपल्यावरही कधी अशी वेळ येऊ शकते, या भावनेने ते आरोपीला संशयाचा फायदा देत.

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मात्र आधीच तयार झाले होते. स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात रक्तातील मद्यार्काचे प्रमाण मोजण्याची आणि ते काळानुसार कसे घटते हे सांगण्याची पद्धत बसविली होती. नॉर्वेने १९३६मध्ये, तर स्वीडनने १९४१मध्ये रक्तातील मद्यार्काची कमाल मर्यादा कायद्याने ठरवून दिली. श्वासावरून रक्ताचा अंदाज घेता येतो, याचे कारण फुप्फुसांच्या रचनेत आहे. तेथे रक्त आणि हवा यांच्यात अतिशय पातळ पडदा असतो. रक्तातील मद्यार्क त्यातून हवेत उतरतो आणि दोन्हींमधील प्रमाण जवळपास ठरलेले असते. एक घनसेंटिमीटर रक्तात जेवढा मद्यार्क, तेवढाच सुमारे २,१०० घनसेंटिमीटर खोल श्वासात, असे अमेरिकेतील यंत्रे बनविताना धरण्यात आले. अर्थात नुकताच घोट घेतलेल्याच्या तोंडातच मद्यार्क असतो, म्हणून शेवटच्या घोटानंतर २० मिनिटे थांबूनच चाचणी घ्यावी, अशी सूचना असे.

इंडियाना राज्याच्या पोलीस दलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ साली ब्रेथलायझर हे यंत्र तयार केले. पुढे त्यांनीच मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या शहरात एक मोठी पाहणी केली. अपघाताची वर्दी येताच संशोधकांचे पथक त्या ठिकाणी जाई आणि अपघातग्रस्त चालकाच्या श्वासाचा नमुना घेई. नंतर त्याच वारी, त्याच वेळी आणि त्याच ठिकाणी तेथून सुखरूप जाणाऱ्या इतर चालकांचेही नमुने घेतले जात. अशा रीतीने अपघातातील सुमारे सहा हजार आणि तुलनेसाठी सुमारे साडेसात हजार चालकांची तपासणी झाली. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमच्या पुढे मद्यार्क गेला की अपघाताचा धोका झपाट्याने वाढत होता. चालक डुलत होता का, त्याची जीभ जड झाली होती का, हे प्रश्न या पाहणीने गैरलागू ठरविले. जो स्वतःला पूर्ण शुद्धीत समजतो, तोही धोकादायक असू शकतो, हे तिने दाखवून दिले.

ब्रिटिश सरकारने हीच ८० मिलिग्रॅमची मर्यादा स्वीकारली. कॅसल यांचे पूर्वाधिकारी टॉम फ्रेझर यांच्या काळातच याची तयारी सुरू झाली होती आणि कल्पनेचे सारे श्रेय एकट्या कॅसल यांना देणे योग्य होणार नाही. परंतु तयारी आणि कायदा यांत अंतर असते, आणि हे अंतर कापताना शिव्याशाप झेलण्याची पाळी कॅसल यांच्यावर आली.

१९६६च्या प्रारंभी मांडलेल्या विधेयकात पोलिसांना कोणत्याही चालकाला, काहीही कारण न देता, थांबवून श्वासचाचणी घेण्याचा अधिकार प्रस्तावित होता. यावरून गहजब झाला. निरपराध नागरिकाने आपल्या निर्दोषपणाचा पुरावा रस्त्यात उभे राहून का द्यावा, असा आक्षेप घेण्यात आला. हा आक्षेप घेणाऱ्यांत मद्यविक्रेते होते, मोटारचालकांच्या संघटना होत्या, तसेच ज्यांना मद्याशी काही देणेघेणे नव्हते असे व्यक्तिस्वातंत्र्यवादीही होते. आक्षेप पोकळ नव्हता. ब्रिटिश परंपरेत पोलिसाने कारणावाचून नागरिकाला हटकणे ही गंभीर गोष्ट मानली जाते. मार्च १९६६मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि विधेयक आपोआप बाद झाले. निवडणुकीनंतर ते नव्याने आले तेव्हा सरसकट चाचणीचा अधिकार त्यातून वगळलेला होता.

ही माघार होती, यात शंका नाही. तिच्या बदल्यात कायदा मात्र पदरात पडला. मे १९६७मध्ये मंजूर झालेल्या रस्ता सुरक्षा कायद्याने गणवेशधारी पोलिसाला तीनच प्रसंगी श्वासाचा नमुना मागण्याची मुभा दिली. चालकाने मद्य घेतल्याचा सयुक्तिक संशय असेल, त्याने वाहतुकीचा नियम मोडला असेल किंवा त्याच्या वाहनामुळे अपघात झाला असेल, तर. यांतील तिसरा प्रसंग विशेष महत्त्वाचा होता. अपघात झाला असेल तर मद्याचा वास आला पाहिजे, चाल अडखळली पाहिजे अशी अट कायद्याने ठेवली नाही. अपघात घडणे आणि ती व्यक्ती वाहन चालवीत होती असे मानण्यास कारण असणे, एवढेच पुरेसे होते. चूक कोणाची, हा प्रश्न नंतरचा.

गंभीर अपघातात चालक स्वतःच जखमी होऊन रुग्णालयात पोहोचतो, याचाही विचार कायद्याने केला होता. रुग्णालयात चाचणी घेता येई, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळविणे बंधनकारक होते. चाचणीमुळे रुग्णाच्या उपचारांत बाधा येईल असे डॉक्टरांनी म्हटले, तर पोलिसाला माघारी फिरावे लागे. दोषी ठरणाऱ्याचा वाहन परवाना किमान एक वर्षासाठी रद्द होई. रस्त्यावरील नळी हा केवळ प्राथमिक पुरावा होता. न्यायालयात ग्राह्य धरला जाई तो पोलीस ठाण्यात घेतलेला रक्ताचा किंवा लघवीचा नमुना.

भारतीय वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम २०३ जवळजवळ याच शब्दांत आहे. अपघातानंतर गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने श्वासाचा नमुना मागणे, रुग्णालयात दाखल असलेल्या चालकाबाबत प्रभारी डॉक्टरांना आधी कळविणे आणि त्यांच्या हरकतीचा मान राखणे, या तरतुदी तेथे तशाच आढळतात. फरक आहे तो एका अटीचा. भारतीय कलमानुसार अपघातानंतरही, चालकाच्या रक्तात मद्यार्क असावा असा सयुक्तिक संशय पोलिसाला यावा लागतो. मर्यादेच्या बाबतीत मात्र भारताचा कायदा अधिक कडक ठरला. १९९४च्या दुरुस्तीने ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम करण्यात आली.

कायदा अमलात येण्यापूर्वीचे महिने कॅसल यांना फार कठीण गेले. खेडोपाडीच्या मद्यगृहांचा धंदा बुडणार, शनिवारची संध्याकाळ संपुष्टात येणार, अशी ओरड झाली. त्यांच्या कार्यालयात शिवीगाळ करणारी पत्रे येत आणि त्यांत जिवे मारण्याच्या धमक्याही असत. नभोवाणीवरील एका मुलाखतीत पत्रकाराने, तुम्ही स्त्री आहात, तुम्हाला वाहनही चालवता येत नाही, तेव्हा या विषयातले तुम्हाला काय कळते, अशा आशयाचा प्रश्न त्यांना थेट विचारला. कॅसल मद्यविरोधी होत्या असे मुळीच नाही. त्यांचा आक्षेप मद्याला नव्हता, मद्य आणि चक्रधारण यांच्या एकत्र येण्याला होता. वाहन चालविता न येणे या प्रसंगी त्यांच्या पथ्यावरच पडले, असेही म्हणता येईल. आपण थोडी घेतली तरी नीट चालवतो, हा प्रत्येक चालकाचा जो स्वतःविषयीचा भ्रम असतो, त्यापासून त्या मुक्त होत्या.

आकड्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. कायद्याच्या अंमलबजावणीच्या पहिल्या १२ महिन्यांत आधीच्या तुलनेत १,१५२ मृत्यू कमी झाले. गंभीर जखमींची संख्या ११,१७७ने आणि किरकोळ जखमींची २८,१३०ने घटली. मद्य हे कारण असलेल्या अपघातांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. वर्षभराचा मृतांचा आकडा १९६६मध्ये ७,९८५ होता, तो १९६७मध्ये ७,३१९ आणि १९६८मध्ये ६,८१० झाला. रस्त्यांवर पोलिसांची संख्या काही एकाएकी वाढली नव्हती. प्रत्यक्षात पकडले जाण्याची शक्यता कमीच होती. तरीही लोक मद्यगृहातून पायी किंवा टॅक्सीने घरी जाऊ लागले, कारण आता पकडले गेल्यास सुटका नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

हे वाटणे टिकले नाही. १९७२पर्यंत मृतांचा आकडा पुन्हा साडेसात हजारांच्या वर गेला. वाहने वाढली होती हे एक कारण, परंतु कायद्यातील फटी वकिलांच्या ध्यानात आल्या हे दुसरे. चाचणी घेणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे, असे कायदा म्हणत होता. तेव्हा शिरस्त्राण डोक्यावर नसलेला शिपाई गणवेशात आहे असे मानायचे का, यावर न्यायालयात वाद झडला आणि १९७०मध्ये न्यायालयाने तो गणवेशातच आहे असा निर्वाळा दिला. चाचणीपूर्वी २० मिनिटे थांबले होते का, यंत्राला गृहमंत्र्यांची रीतसर मान्यता असल्याचा पुरावा कोठे आहे, अशा मुद्द्यांवर खटले लढविले गेले. रक्तात मद्यार्क किती होता, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

सर्वांत अवघड पेच मात्र अपघातानंतरच्या चाचणीतच निर्माण झाला. अपघात करून चालक घरी जाई किंवा जवळची बाटली काढून दोन घोट घेई. पोलीस आल्यावर तो सांगे की मनाला धक्का बसला म्हणून नंतर प्यालो, वाहन चालविताना मी शुद्धीत होतो. १९७१मध्ये उमराव सभेच्या न्यायपीठासमोर असे एक प्रकरण आले. त्यात, वाहन चालविणे थांबल्यानंतर आणखी मद्य घेतलेले असेल तर नमुन्यातील प्रमाण ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्णय देण्यात आला. यातून पळवाट कशी काढावी याचा धडाच मद्यपी चालकांना मिळाला. दुसऱ्या बाजूने वेळही आरोपीच्याच मदतीला येई. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सर्वसाधारणपणे १५ मिलिग्रॅम मद्यार्क नाहीसा करते. जखमींना बाहेर काढणे, रस्ता मोकळा करणे, रुग्णवाहिका बोलावणे यांत दोन तास गेले, तर मर्यादेच्या थोडा वर असलेला चालक मर्यादेच्या आत येऊन बसतो. नंतर मद्य घेतल्याचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारी दुरुस्ती व्हायला १९८१ साल उजाडले. त्याच कायद्याने श्वासाच्या यंत्रातील नोंद हाच न्यायालयीन पुरावा ठरविला. त्यासाठी १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घालण्यात आली आणि १९८३पासून ती अमलात आली.

कॅसल यांच्या परिवहन खात्यातील कारकिर्दीत आणखीही बरेच घडले. ताशी ७० मैलांची वेगमर्यादा प्रायोगिक स्वरूपात लागू झाली होती, ती त्यांनी १९६७मध्ये कायम केली. नव्या मोटारींत सुरक्षापट्टे बसविण्याची सक्ती झाली. ते बांधण्याची सक्ती होण्यास १९८३ उजाडावे लागले. तोट्यातील परंतु समाजाला आवश्यक असलेल्या रेल्वेमार्गांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व १९६८च्या परिवहन कायद्यात त्यांनी आणले. हल येथील पोटनिवडणुकीच्या तोंडावर हंबर नदीवर पूल बांधण्याचे आश्वासनही त्यांनीच दिले होते. तो पूल १९८१मध्ये खुला झाला.

एप्रिल १९६८मध्ये त्यांच्याकडे रोजगार खाते आले. फोर्ड कंपनीच्या डॅगनम येथील कारखान्यात मोटारींच्या आसनांची शिवण करणाऱ्या महिलांनी वेतनश्रेणीसाठी संप पुकारला, तेव्हा कॅसल यांनी त्यांच्याशी स्वतः चर्चा करून तडजोड घडवून आणली. या संपामुळे स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याच्या मागणीला जोर आला आणि १९७०मध्ये त्यांनी समान वेतनाचा कायदा संमत करून घेतला. कामगार संघटनांवर काही बंधने आणण्याचा १९६९मधील त्यांचा प्रयत्न मात्र पुरता फसला. ज्या संघटनांच्या बळावर पक्ष उभा होता, त्यांनीच तो हाणून पाडला. पंतप्रधानपदाच्या दृष्टीने त्यांचे नाव यानंतर मागे पडले, असे अनेक अभ्यासक मानतात. १९७४ ते १९७६ या काळात त्या समाजकल्याण खात्याच्या मंत्री होत्या. मुलांसाठीचा भत्ता थेट आईच्या हाती देण्याचा कायदा याच काळातला. एप्रिल १९७६मध्ये जेम्स कॅलॅहन पंतप्रधान झाले आणि त्यांनी कॅसल यांना मंत्रिमंडळातून वगळले.

मंत्रिपदाच्या काळात त्या नियमितपणे रोजनिशी लिहीत. ती १९८० आणि १९८४ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली आणि मंत्रिमंडळाचे कामकाज आतून कसे चालते, हे जाणून घेण्यासाठी अभ्यासक ती आवर्जून वाचतात. १९७९ ते १९८९ अशी दहा वर्षे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य होत्या. १९७९च्या अखेरीस पती टेड यांचे निधन झाले. १९९०मध्ये त्या उमराव सभेत दाखल झाल्या आणि नव्वदीला आल्या तरी, दृष्टी क्षीण झालेली असूनही, निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षाच्या सरकारशी झुंजत राहिल्या. ३ मे २००२ रोजी बकिंगहॅमशर परगण्यातील इब्स्टोन येथे राहत्या घरी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९६६च्या विधेयकातून वगळलेला सरसकट चाचणीचा अधिकार ब्रिटिश कायद्यात पुढेही स्पष्ट शब्दांत आला नाही. पोलीस कोणतेही वाहन थांबवू शकतात, पण श्वासाचा नमुना मागण्यासाठी संशय, नियमभंग किंवा अपघात यांपैकी काहीतरी लागते. स्कॉटलंडने २०१४मध्ये मर्यादा ८० मिलिग्रॅमवरून ५० मिलिग्रॅमवर आणली. ग्रेट ब्रिटनमधील रस्ता अपघातांतील वार्षिक मृत्यू २०१०पासून दोन हजारांच्या खाली आले. वाहनांची संख्या मात्र १९६६च्या कितीतरी पट झालेली आहे.

ब्लॅकबर्न शहरात २०२१ साली कॅसल यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. त्याआधीच शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले होते. तो रस्ता बार्बरा कॅसल वे या नावाने ओळखला जातो.